उत्तर: बिल्डिंगच्या रिपेअरिंगमध्ये एसी काढणार आहेत, चिंचिलाचं काय करू?

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला, कारण हेच सगळं आमच्या घरी होऊन गेलंय. कांदिवलीतली जुनी सोसायटी, परांची बांधून झालीय, बाहेरच्या भिंतीवरचे सगळे आउटडोअर युनिट उतरवा अशी नोटीस लागलीय, घरात वर्षाचा चिंचिला (दाट फरचा, उंदीर-गिनीपिगच्या जातकुळीतला छोटा पाळीव प्राणी), आणि तुम्ही विचारताय की दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे तर कूलर आणि मार्बलच्या लादीवर भागेल का. खाली लोकांनी दिलेली उत्तरंही वाचली. एक म्हणतो पंखा पुरतो, दुसरा म्हणतो बर्फाच्या बाटल्या ठेवा, आणि एका दादांनी तर लिहिलंय की इथेच जन्मलेला आहे म्हणजे मुंबईची हवा त्याच्या अंगवळणी पडलेली असणार.

नाही भागणार. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, पाळणारा माणूस आहे, औषधपाण्याचं तुमच्या व्हेटला विचारा. पण एसीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

खाणं, दात, गवत यावर लिहीत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. फक्त त्या अंगवळणीवाल्या दादांसाठी दोन ओळी. हा प्राणी मूळचा चिलीतल्या अँडीज डोंगरांतला, थंड आणि कोरड्या हवेतला. आज घरोघरी जे पाळले जातात ते बहुतेक सगळे १९२३ मध्ये चॅपमन नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात नेलेल्या जेमतेम डझनभर चिंचिलांचे वंशज. आणि पुढे फार्मवर पिढ्यानपिढ्या जे ब्रीडिंग झालं ते फर दाट व्हावी म्हणून, उकाडा सोसावा म्हणून नव्हे. एका मुळातून पन्नासाच्या वर केस निघतात, अंगाला घाम येत नाही. आता असल्या जनावरावर पंखा सोडून काय होणार, गरम हवा इकडून तिकडे जाणार. आपल्याला पंख्याने बरं वाटतं ते घाम वाळतो म्हणून.

कूलर तर त्याहून वाईट. नागपूरला ठीक, तिथली हवा कोरडी. मुंबईत कूलर म्हणजे दमट खोलीत अजून वाफ सोडायची. जुने पाळणारे एक हिशोब सांगतात तो लक्षात ठेवा, खोलीचं तापमान फॅरनहाइटमध्ये आणि त्यात ह्युमिडिटीचा आकडा मिळवायचा, बेरीज १५० च्या वर गेली की धोका. ३१ डिग्री म्हणजे साधारण ८८, त्यात आपली ७० टक्के ह्युमिडिटी धरा, झाले १५८. आणि हा काही वैशाख वणव्यातला दिवस नाही, मुंबईतली साधी दुपार आहे. एसी २१ वर असेल, म्हणजे ७०, आणि ह्युमिडिटी ५० च्या आसपास, तर १२०. एवढाच तो फरक. तापमान आणि ह्युमिडिटी दोन्ही दाखवणारं छोटं मीटर मिळतं ते पिंजऱ्याच्या उंचीवर लावा, एसीच्या तोंडाशी नको, नाहीतर ते आपलं खोटंच समाधान.

लादी आणि बर्फाची बाटली हे तास-दोन तास लाइट गेली तर ठीक आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळ्या मुंबईची लाइट गेली होती तेव्हा आम्ही त्यावरच काढलं. पण तो तेवढ्या वेळचा उपाय आहे. महिनाभर लादीवर ठेवून जनावर जगवायचं म्हणजे खेळ नाही.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पोस्टमधलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते वाक्य म्हणजे "सेक्रेटरी म्हणाले आधी कळवू". आमचेही हेच म्हणाले होते.

आमच्याकडे नोटीस लागली तशी मी सोसायटीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजरला सांगितलं की घरात चिंगी आणि भुऱ्या असे दोन चिंचिला आहेत, आमच्या बाजूचं काम कधी येणार ती तारीख द्या, मी त्याआधी त्यांना दुसरीकडे हलवतो. मला एसी ठेवूच द्या असं मी म्हटलंच नव्हतं, फक्त तारीख हवी होती. तर तो म्हणाला लेखी द्या. लेखी दिलं. पोच मागितली तर म्हणे शिक्का कपाटात आहे आणि कपाटाची चावी सेक्रेटरींकडे. सेक्रेटरींकडे गेलो तर ते म्हणाले चेअरमनना विचारतो. चेअरमन रविवारी १० ते १२ बसतात असा बोर्ड लावलाय, पण रविवारी गेलं की ते गावाला. मग कमिटीच्या मीटिंगमध्ये ठेवू म्हणाले. मीटिंग झाली, त्यात दिवाळीच्या लायटिंगचा विषय झाला, आमचा नाही. शेवटी बोर्डावर विंगप्रमाणे तारखा लागल्या, आमची विंग पुढच्या आठवड्यात. मी त्या तारखेवर विसंबून मावसभावाकडे सोय लावून ठेवली.

आणि मग बाजूच्या विंगमधल्या लोकांनी ग्रिलमधल्या कुंड्या हलवल्या नाहीत म्हणून कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरने माणसं आमच्या बाजूला वळवली. ऑफिसला माहीत होतं, कारण मजुरांच्या हातातली फ्लॅट नंबरांची यादी त्याच मॅनेजरच्या अक्षरात होती. एक फोन करायचा होता. इंटरकॉमवर, फुकट. नाही केला.

आई घरी एकटी होती. खिडकीत परांचीवर माणूस, हातात पाना. आईने सांगितलं बाबा थांब, मुलाला फोन करते, तो म्हणाला ऑफिसची ऑर्डर आहे मावशी, आणि पाइपचा नट सरळ फिरवला. सूं करून सगळा गॅस बाहेर गेला. (तुमच्याकडे काढतील तेव्हा आपला एसीवाला उभा ठेवा आणि आधी पंप डाऊन करून घ्या, म्हणजे गॅस युनिटमध्येच राहतो. नाहीतर परत बसवताना गॅस भरायचे पैसे वेगळे. पाइपच्या तोंडांना कॅप किंवा टेप लावा, सिमेंटची धूळ आत गेली तर कॉम्प्रेसरची वाट.) आईने पडदे ओढले, पंखा लावला, मला फोन केला. मी लोअर परळला. ऑक्टोबरची दुपार, त्यात खिडक्यांना हिरवी जाळी बांधलेली, वारा शून्य.

मी पोचलो तेव्हा मीटरवर ३३. चिंगी कोपऱ्यातल्या लादीवर बसून होती, दमलेली पण शुद्धीत. भुऱ्या आडवा. कान लालभडक, एकेक शीर दिसत होती, हनुवटीखालची फर लाळेने ओली. त्यांना अंगातली उष्णता बाहेर टाकायला कानच असतात, म्हणून कान लाल दिसले की समजायचं वेळ गेलीय किंवा जातेय. व्हेटने फोनवर सांगितलं हळूहळू गार करा, बर्फात किंवा बर्फाच्या पाण्यात अजिबात नाही, ओलं फडकं फक्त कानांना आणि पायांना, फर भिजवू नका, आणि ताबडतोब घेऊन या. मागच्या बाजूच्या काकूंकडे विंडो एसी अजून चालू होता, त्यांनी काही न विचारता बेडरूम उघडून दिली, तिथे जरा सावरल्यावर दवाखान्यात नेलं.

त्यातून तो उठला, पण पोट थांबलं. चिंचिलाचं पोट एकदा थांबलं की फार अवघड. लेंड्या बारीक, मग कमी, मग बंद. सिरिंजने भरवलं, रात्रभर आळीपाळीने जागलो, त्याच आठवड्यात गेला. चिंगी तरली. डॉक्टर म्हणाले तो वयाने मोठा होता आणि अंगाने भरलेला.

ऑफिसात गेलो तर मॅनेजर म्हणतो तुमचा अर्ज रेकॉर्डवर नाही. आवक रजिस्टर उघडून दाखवलं. खरंच नव्हता. असणार कसा, शिक्का कपाटात ना. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, उंदरासाठी एवढं?" आणि त्याच महिन्याच्या मेंटेनन्सच्या बिलात आउटडोअर युनिटमुळे छज्जा खराब झाला म्हणून चार्ज लावलेला. चेअरमनच्या फ्लॅटचं युनिट मात्र सगळ्यात शेवटी उतरलं, ते गावाहून आल्यावर. असो. बीपी वाढतं.

तर तुम्ही काय करा. अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा, एकीवर शिक्का आणि सही मिळाल्याशिवाय तिथून हलू नका. शिक्का नसेल तर सोसायटीच्या ईमेलवर पाठवा, वर स्पीड पोस्टाने, पोच मिळेल असं. त्याने जनावर वाचत नाही, पण "रेकॉर्डवर नाही" हे वाक्य कुणी तोंडावर फेकू शकत नाही, आणि पुढे वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे तक्रार करायची झाली तर हातात कागद असतो. तारीख मात्र ऑफिसला विचारूच नका. परांचीवरच्या सुपरवायझरशी ओळख करा, चहा पाजा, त्याचा नंबर घ्या. खरी तारीख त्यालाच माहीत असते, तीही आदल्या संध्याकाळी. आणि "दोन-तीन आठवडे" वगैरे विसरा. मजूर गावी जातात, कॉन्ट्रॅक्टरचं पेमेंट अडकतं, अवकाळी येतो. परांची आमच्याकडे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होती.

माझं स्पष्ट मत, एसी असलेल्या दुसऱ्या घरी हलवा, काम संपेपर्यंत. नातेवाईक, मित्र, कुणीही. काहींना वाटतं जागा बदलली की त्याला ताण येईल. येईल थोडा. पण भिंतीपलीकडे ब्रेकर चालू असताना घरी काय सुखात असणार आहे? त्या आवाजाला घाबरून चिंगीने फरचा एक गठ्ठाच सोडला होता.

हलवणं शक्यच नसेल तर पोर्टेबल एसी. भाड्याने मिळाला तर बघा. १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, नळी खिडकीबाहेर आणि उरलेली फट थर्माकोलने बंद. सगळ्यात लहान खोली निवडा. बाहेर प्लास्टिक बांधलं असेल तर गरम हवा तिथेच कोंडते, तेव्हा नळीसमोरचं प्लास्टिक कापून घ्या, विचारत बसू नका. आवाज खूप करतो आणि स्प्लिटसारखा गारवा नाही, पण कूलरपेक्षा लाखपट बरा. ग्रिलच्या आत स्टँडवर आउटडोअर बसवून घेतात काही जण, मी केलेलं नाही, तुमचा एसीवाला सांगेल.

रोज वजन करा, किचनच्या काट्यावर, ग्रॅममध्ये, एकाच वेळेला. मोठ्या चिंचिलाचं साधारण ४०० ते ६०० भरतं, पण आकड्यापेक्षा उतरतंय का ते बघायचं. लेंड्यांकडे लक्ष. दोन्हीत फरक दिसला तर व्हेट, आणि तो सशा-गिनीपिगांवर इलाज करणारा हवा. कुत्र्यामांजरांचा डॉक्टर कितीही भला असला तरी अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडावाटे देऊन मोकळा होईल, आणि ते यांच्या पोटातले जिवाणू मारून जीव घेऊ शकतं. तेवढं नाव पाठच करा.

बाकी तुम्ही विचारलेलं भराभर सांगतो, यात प्रत्येकाचं वेगळं असतं, भांडायला येऊ नका. पिंजऱ्यात खाली फ्लीस (मऊ लोकरीसारखं कापड) घालायचं की लाकडाचा भुसा? मी फ्लीसवाला. भुसा पावसाळ्यात दमट होतो आणि कुठल्या लाकडाचा आहे ते दुकानदारालाही माहीत नसतं, सीडर निघाला तर तो वाईटच. पण फ्लीस जुलैत वाळत नाही हे भुसावाल्यांचं म्हणणं खरंय, जास्तीचे सेट ठेवा आणि कडा कुरतडतोय का बघा. डस्ट बाथ, म्हणजे अंग साफ करायला लोळतात ती बारीक धूळ, पिंजऱ्यात कायम ठेवायचा की नाही? मी म्हणतो नाही, त्यातच घाण करतात आणि डोळे चुरचुरतात, दहा-पंधरा मिनिटं द्यायचा आणि उचलायचा. दमट दिवसांत जरा जास्त वेळा दिला तरी चालतं. चौपाटीची वाळू किंवा टाल्कम पावडर नको. ती डस्ट एसीच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते, फिल्टर वरचेवर धुवा, अर्धे लोक "एसी गार करत नाही" म्हणून मेकॅनिक बोलावतात तेव्हा तेच निघतं. एक की जोडी? जोडी असावी असं मला वाटतं, पण एकटा खुशाल राहणाराही पाहिलाय, आणि आत्ता या गडबडीत दुसरा मुळीच आणू नका.

आणि हो, फोटोत पिंजऱ्यात प्लास्टिकची हिरवी शिडी दिसतेय, ती काढा, कुरतडून गिळली तर पोटात अडकेल.

माणसं मंगळवारी येणार म्हणताय, म्हणजे रविवारी रात्रीच न्या, सोमवारचा भरवसा धरू नका. दिवसा नेऊ नका, ट्रेनने तर नाहीच. कॅब करा, गाडीत आधी तुम्ही बसा, आत गार झालं की मग घरच्यांना खाली बास्केट घेऊन यायला सांगा. आणि ड्रायव्हरला बसल्या बसल्या सांगून टाका की एसी शेवटपर्यंत चालू ठेव, वरचे पैसे देते. सिग्नलला बंद करतात.