डिसेंबरातलं सोलापूर: आधी उजनीची टक्केवारी बघा, मग गाडी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस, स्वतःची कार, सोबत सत्तरीतल्या आई आणि दहा वर्षांचा मुलगा, मुक्काम सोलापुरात. यादीत उजनीचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो), नळदुर्गचा धबधबा, रामलिंगचा डोंगर आणि नान्नजचा माळढोक, म्हणजे माळावरचा मोठा दुर्मीळ पक्षी. चारही जमतील का?

नाही जमणार, आणि अडचण अंतराची कमी, पाण्याची जास्त आहे. नळदुर्ग आणि रामलिंग ही भरल्या पावसाची ठिकाणं. रोहित ओसरत्या पाण्याचे. नान्नज वाळल्या गवताचं. हे सगळं एकाच आठवड्यात ऐन रंगात सापडत नाही.

उजनीपासून सुरू करतो, कारण चुका तिथंच जास्त होतात. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पुरं झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), पण बातम्यांत जी टक्केवारी येते ती फक्त उपयुक्त साठ्याची, म्हणजे साधारण 53.5 टीएमसीची. खालचा 63 टीएमसीच्या वर असलेला मृतसाठा त्यात धरत नाहीत. म्हणून पाणी त्या मृतसाठ्यात उतरलं की उन्हाळ्यात ‘उजनी उणे 30 टक्के’ असं वाचायला मिळतं आणि बाहेरगावचा माणूस चक्रावतो. आता पातळी बघा: शून्य टक्के म्हणजे 491.03 मीटर आणि शंभर टक्के म्हणजे 496.83 मीटर. दोहोंत फरक जेमतेम 5.8 मीटरचा, दोन मजली घराएवढा. एवढ्या उंचीत एवढं पाणी मावतं याचा अर्थ काठ ताटासारखा सपाट आहे. पाणी हातभर उतरलं की काठ कुठल्या कुठं मागं सरकतो आणि मधे गाळाची पट्टी उघडी पडते.

रोहितांना हीच पट्टी लागते. तो पाण्यात उभा राहून पायानं गाळ ढवळतो, चोच उलटी बुडवून पाणी गाळतो आणि बारीक जीव खातो. पाणी त्याच्या गुडघ्याच्या आसपास हवं. धरण काठोकाठ असेल तर अशी उथळ जागाच राहत नाही. त्यामुळं पाऊस चांगला झालेल्या वर्षी डिसेंबरअखेर उजनी नव्वदीच्या पुढं असते आणि रोहित उशिरा, जानेवारी-फेब्रुवारीत दिसायला लागतात. उलट 2023 ला पाऊस कमी झाला, धरण भरलंच नाही आणि 2024 च्या जानेवारीतच साठा उण्यात गेला. म्हणजे तुम्ही ‘डिसेंबरात रोहित असतात का’ असं विचारण्याऐवजी ‘आज उजनी किती टक्के’ असं विचारा. आकडा सोलापूरच्या कुठल्याही मराठी दैनिकात मिळतो. नव्वदीच्या वर असेल तर रोहितांची आशा धरून दीडशे किलोमीटर जाऊ नका.

पण जायचंच नाही असंही नाही. पट्टकादंब हंस, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चित्रबलाक, नदीसुरय ही मंडळी त्या दिवसांत असतात, आणि मासा उचलणारा कैकर दिसला तर मुलगा रोहित विसरेल. हंस बघायचे असतील तर पाण्यापेक्षा काठच्या हरभऱ्या-गव्हाच्या कोवळ्या पिकात नजर ठेवा.

पक्षी बघायला लोक बहुतेक कुंभारगाव-डिकसळ भागात जातात. तो इंदापूर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्यात येतो. सोलापुरात राहून पहाटे चारला निघण्यात अर्थ नाही, विशेषतः आई सोबत असताना. आदल्या रात्री भिगवण किंवा इंदापुरात राहा. सूर्योदय सातच्या सुमारास होतो, होडी तेव्हाच सुटायला हवी. धुकं असेल तर आठपर्यंत थांबा, उगाच पांढऱ्यात फिरू नका. दहानंतर वारा उठतो, पाणी हलायला लागतं, पक्षी लांब सरकतात आणि दुर्बिणीतून बघणं त्रासाचं होतं. दुर्बीण 8×42 पुरेशी. या बाजूला पाणी तुमच्या उत्तरेला येतं, म्हणून हिवाळ्यात सकाळचं ऊन पाठीवर किंवा उजव्या खांद्यावर राहतं. फोटोला याहून सोयीचं काही नाही.

होडीत बसण्याआधी तीन गोष्टी: लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आणि मुलाला मुलाच्या मापाचं. मोठ्या माणसाचं सैल जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निसटतं. नावाड्याला आधीच सांगा की थव्यापासून लांब इंजिन बंद करून बांबूनं होडी सरकवायची. थवा माना ताठ करून एका दिशेनं चालायला लागला की तो उडायच्या बेतात असतो, तिथंच थांबा. उडवून फोटो काढायची हौस त्या पक्ष्यांच्या खाण्याच्या वेळेवर उठते. आणि तिसरं, आभाळ. डिसेंबरात सहसा भीती नसते, पण हा भाग उन्हाळ्यात बघायचा ठरलाच तर दुपारनंतर होडीत पाय ठेवू नका. 21 मे 2024 ला कुगाव ते कळाशी जाणारी होडी अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाचा वारा दहा मिनिटांत येतो आणि मोकळ्या पाण्यावर आडोसा कुठंच नसतो.

गाळाबद्दलही सांगायला हवं. वरून भेगाळलेला, पांढुरका, वाळल्यासारखा दिसतो, पण वीतभर खाली लोण्यासारखा असतो. गुरांचे खूर जिथं खोल रुतलेले दिसतील तिथं माणसानं जाऊ नये. गाडी मुरमाच्या रस्त्यावरच सोडा. अवकाळी सर येऊन गेली असेल तर काळ्या रानातली वाट कितीही सरळ दिसली तरी घेऊ नका. काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे गच्च बसते, चाक फिरायचं थांबतं, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत तुम्ही तिथंच. पाय रुतलाच तर ओढू नका. टाच हलवत बाजूनं हवा-पाणी आत जाऊ द्या, मागं बसल्यासारखं करून वजन पसरा, मग निघतो. काठावर जिथं हिरवा पट्टा दिसतो ती बहुतेक गाळपेर असते, म्हणजे कुणाचं तरी पीक. त्यातून चालत जाऊ नये.

परत येताना पळसदेवचं पाण्यातलं देऊळ बघायचा मोह होईल. भरल्या धरणात ते पाण्याखाली असतं, साठा खूप खाली गेल्यावरच नीट उघडं पडतं. ते उन्हाळ्यासाठी राखून ठेवा.

आता डोंगर. खरं सांगायचं तर सोलापूरला सह्याद्री शोधू नका. उत्तरेला बालाघाटची कड आणि पश्चिमेला माळशिरसकडं महादेव डोंगराच्या रांगा, बाकी सगळा माळ. रामलिंग येडशीजवळ, धाराशिव जिल्ह्यात. दरीत उतरून देऊळ, भोवती ओढ्याचं वळण, पावसाळ्यात धबधबा, आणि रामानं जटायूसाठी बाण मारून पाणी काढल्याची कथा. ऑगस्ट ते ऑक्टोबर मस्त. डिसेंबरात धबधब्याचा काळा खडक बघायला मिळेल आणि माकडं मात्र बारमाही. पिशवी हातात दिसली की ओढतात. पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या असल्यानं आईंसाठी मी हे गाळेन.

त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सोलापूर-तुळजापूर-नळदुर्ग-सोलापूर हा त्रिकोण करा, सगळा मिळून साधारण 130 किलोमीटर, रस्ता चांगला. शहराबाहेर पडताच हिप्परग्याचा तलाव लागतो. याचं जुनं नाव एकरुख, एकोणिसाव्या शतकातला मातीचा बांध. सकाळी सातला तिथं अर्धा तास थांबा, बदकं रस्त्यावरूनच दिसतात. गाडी मात्र महामार्गाच्या कडेला उभी करू नका, आतल्या वाटेला घ्या. तुळजापूरच्या घाटात बालाघाटची कड खरी कळते: एकावर एक रचलेले लाव्ह्याचे थर, सपाट माथा आणि खाली सोलापूरकडचं पठार.

नळदुर्गात नर-मादी धबधबे पाहायचे तर वरचं बोरी धरण भरून सांडायला हवं, आणि ते पावसाळ्याच्या शेवटी होतं. डिसेंबरात धारा नसल्या तरी किल्ल्यातला पाणीमहाल सोडू नका. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, 1613 मध्ये, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटातच दालनं काढली. पाणी डोक्यावरून पडतं आणि आतला माणूस कोरडा. धार नसताना ही रचना उलट जास्त स्वच्छ दिसते. उपळी बुरुजाच्या पायऱ्या उभ्या आहेत, आईंना खालीच सावलीत बसवा.

नान्नज बार्शी रस्त्यावर, शहरापासून विसेक किलोमीटर. अभयारण्य 1979 चं. माळढोक दिसेल अशी आशा ठेवून जाऊ नका, संख्या फार थोडी उरली आहे. काळवीट मात्र दिसतात, आणि डिसेंबरातल्या सोनेरी गवतात भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगताना दिसतो, तेवढ्यासाठीही फेरी वसूल. साडेसहा ते साडेआठ किंवा चारनंतर. वनखात्याच्या माणसाला विचारूनच आत जा, पांढरे-भडक कपडे नकोत, आणि काळवीट बघायला गाडीचं दार उघडू नका. गाडीला ते सवकलेले असतात, उतरलेल्या माणसाला नाही. दोन दिवसांत हे बसवायचं तर त्रिकोण जरा लवकर आटपून संध्याकाळी इकडं या.

हत्तरसंग कुडलचा भीमा-सीना संगम तुमच्या यादीत नाही, पण अर्धा दिवस वाढला तर तिथं जा. 359 मुखांचं शिवलिंग, आणि शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख. पावसाळ्यात जाणार असाल तर आधी उजनी आणि वीर, दोन्ही धरणांचा विसर्ग बघा. इथं थेंब पडला नसला तरी वरून सोडलेलं पाणी घाटाच्या पायऱ्या चढतं. सीनेचाही भरवसा नाही. 2025 च्या सप्टेंबरात तिच्या पुरामुळं लांबोटीजवळ पुणे महामार्गच बंद ठेवावा लागला होता.

खायला शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर घ्या, दोन दिवस काही होत नाही. सोबत दही नको, गाडीत आंबतं. मासे खात असाल तर भिगवणला चिलापी मागा. आणि बॅकवॉटरच्या काठावर स्वच्छतागृह मिळेलच असं नाही, त्यामुळं आईंसाठी महामार्गावरच्या हॉटेलात थांबूनच आतल्या रस्त्याला वळा.