यी जिंग : बदलत्या रेषा वाचताना

प्रश्न : यी जिंग या प्राचीन चिनी ग्रंथाचा कौल घ्यायला तीन नाणी सहा वेळा टाकली. दोन बेरजा 6 आल्या, एक 9. या रेषा बदलतात म्हणजे नेमकं काय?

उत्तर : दर फेकीची एक रेषा, सहा रेषांची एक आकृती. छापा 3 आणि काटा 2 धरला, तर बेरीज 6 ते 9 येते. 7 ही स्थिर अखंड रेषा, 8 स्थिर तुटक. 9 म्हणजे टोकाला गेलेलं यांग (अखंड रेषा), ते तुटतं. 6 म्हणजे टोकाला गेलेलं यिन (तुटक रेषा), ते सांधलं जातं. या तीन रेषा उलटवल्या की तुमची दुसरी आकृती तयार. रेषा मात्र खालून वर मांडा. बहुतेकांची चूक इथेच होते.

प्रश्न : तिन्ही रेषांची ग्रंथातली वचनं एकमेकांशी जुळत नाहीत. कोणतं धरू?

उत्तर : चिनी तत्त्वज्ञ झू शी यांनी 1186 मध्ये यासाठी नियम घालून दिले. एकच रेषा बदलली तर तिचं वचन. दोन बदलल्या तर दोन्हींची, त्यात वरचीला मान जास्त. तुमच्यासारख्या तीन बदलल्या, तर रेषा बाजूला ठेवून दोन्ही आकृत्यांची मूळ वचनं वाचायची.

प्रश्न : ‘परम शुभ’ आलंय. आता निर्धास्त राहू ना?

उत्तर : थांबा. इ.स.पू. 530 मध्ये चीनमधल्या लू राज्यातला कारभारी नान क्वाई आपल्या धनी घराण्याविरुद्ध बंडाच्या तयारीत होता. त्यानं कौल लावला. ‘खुन’ या आकृतीची पाचवी रेषा बदलून ‘बी’ ही आकृती झाली. वचन होतं : पिवळं अधोवस्त्र, परम शुभ. तो हरखला. बेत न सांगता त्यानं लू राज्यातलेच अधिकारी झफू ह्वेईबो यांना विचारलं. ते म्हणाले, निष्ठेचं काम असेल तर चालेल, नाहीतर फसेल. पिवळा हा मध्याचा रंग. मनात निष्ठा नसेल तर तो रंग तुमचा नाही. अधोवस्त्र खालच्याला शोभतं. खालचा नम्र नसेल तर ती शोभाही नाही. कपटाच्या कामासाठी यी जिंगचा कौल घेऊ नये, असंही त्यांनी बजावलं. नान क्वाईनं बंड केलंच. दोन वर्षांत त्याच्याच माणसांनी त्याला हुसकावलं आणि तो छी राज्यात पळाला. ही गोष्ट ‘झ्वो झ्वान’ या प्राचीन चिनी इतिहासग्रंथात आहे. मला ती सगळ्या नियमांहून मोलाची वाटते : वचन शुभ असतं, पण ते पेलणारा माणूस त्या वचनाजोगा असावा लागतो.

प्रश्न : उत्तर पटलं नाही तर पुन्हा टाकू?

उत्तर : नको. चौथ्या आकृतीत, मंगमध्ये, स्पष्टच आहे : पहिल्यांदा विचारलं तर सांगतो, दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारणं हा अवमान, मग सांगत नाही.