किल्ली कोणाच्या पर्समध्ये?

वाचनालयाच्या कामातले प्रश्न आणि एका निवृत्त ग्रंथपालबाईंची उत्तरं

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाचनालयात आहे. 9 वर्षं निर्गम सहायक, म्हणजे पुस्तकांची देवघेव बघणारी, होते. गेल्या जूनमध्ये आमचे ग्रंथपाल निवृत्त झाले आणि ती खुर्ची माझ्याकडे आली. लिपिक, निर्गम सहायक, शिपाई आणि मी, असे आम्ही चौघं. शिपाई अप्पा माझ्यापेक्षा 18 वर्षांनी मोठे. मी कामाला लागले तेव्हा पुस्तकाला पुठ्ठा कसा चढवायचा ते त्यांनीच शिकवलं. आता मी काम सांगितलं की "करतो ना ताई" म्हणतात आणि करत नाहीत. कार्यवाह मला न विचारता त्यांना बँकेत पाठवतात, कधी स्वतःच्या घरच्या पत्रिका वाटायलाही. लिपिक घड्याळाकडे बघून दप्तर आवरतो. शेवटी नव्या पुस्तकांच्या दाखल नोंदीपासून झाडूपर्यंत सगळं मीच करते आणि घरी जाऊन पोरांवर चिडते. माझा स्वभाव पुढारपणाचा नाही. नेतृत्वविकासाचं एखादं शिबिर करावं का? की खुर्चीच सोडावी?
— एक ग्रंथपाल, जळगाव जिल्हा

उत्तर : ताई, खुर्ची सोडू नका. शिबिराचं मागाहून बघू. तुमच्या पत्रात एक गोष्ट आली नाही, म्हणून मीच विचारते. कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे असतात? माझा अंदाज, तुमच्या पर्समध्ये.

अंदाज अशासाठी, की माझ्या पर्समध्येच असायच्या. 13 किल्ल्यांचा जुडगा. ग्रंथपाल झाल्यावर पहिली 6 वर्षं तो मी कोणाच्या हाती दिला नाही. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी, शहाद्याला गेले. दोन दिवसांची रजा. दुसऱ्या दिवशी वाचनालयात तपासणी आली आणि दाखल नोंदवही आतल्या लोखंडी कपाटात. तेव्हा मोबाइल नव्हते. आमचे शिपाई, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, डोक्याला टॉवेल गुंडाळून एसटीने शहाद्याला आले. खान्देशातलं ते ऊन तुम्हाला सांगायला नको, पारा 44 वर. आम्ही आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या वाढायला घेतल्या होत्या. नाना ओट्यावर टेकले, तांब्याभर पाणी प्याले आणि एवढंच म्हणाले, "ताई, किल्ली द्या." जेवायला थांबले नाहीत, परतीची गाडी गाठायची होती.

आणि मला राग कोणाचा आला? नानांचाच. ऐन जेवणात आले म्हणून! आज लिहितानाही लाज वाटते. नाना पोचेपर्यंत तपासणीवाले निघून गेले होते. "अभिलेख वेळेवर उपलब्ध झाले नाहीत" असा शेरा पडला आणि कार्यकारी मंडळाच्या बैठकीत तो मोठ्याने वाचला गेला. मी मात्र मनाशी घोकत होते, की एवढ्या जबाबदारीने किल्ल्या सांभाळते त्याचं हे फळ. तो जुडगा रोज सकाळी टेबलावर आपटताना मी तिघा माणसांना काय सांगत होते, हे कळायला आणखी वर्ष गेलं.

कळलं तेही नानांमुळेच. वाचकांनी परत केलेली पुस्तकं ते लगेच कपाटात लावत नसत, दाराजवळच्या बाकावर तशीच ठेवत. एकदा मी चार वाचकांसमोर त्यांना बोलले, की हा पसारा कशाला? ते काही बोलले नाहीत, बाक रिकामा केला. पुढच्या आठवड्यात संध्याकाळच्या बायका आल्या, बाकाकडे बघितलं आणि एक जण म्हणाली, "आज काही आलं नाही वाटतं?" त्या कपाटाकडे जातच नव्हत्या! कोणीतरी नुकतंच वाचून आणलेलं पुस्तक न्यायचं, हीच त्यांची निवड. सातवी शिकलेल्या नानांना ते ठाऊक होतं, आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली मी ते बंद पाडून बसले होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी नानांना म्हटलं, "नाना, माझं चुकलं, बाक पहिल्यासारखा लावा." ते म्हणाले, "बरं ताई." पण त्या दिवसापासून ते मला न विचारलेलं सांगायला लागले.

तुमचे अप्पा "करतो ना" म्हणून करत नाहीत, ते मला आळसाचं वाटत नाही. त्यांनी शिकवलेली मुलगी आज त्यांना हुकूम सोडते, एवढंच ते पचवताहेत. त्यांना काम सांगू नका, खातं द्या. वृत्तपत्रांचा कक्ष म्हणा, बालविभाग म्हणा, एक खातं पूर्ण त्यांचं. मांडणी कशी, अंक किती दिवस बाहेर ठेवायचा, कोणतं बदलायचं, हे ते ठरवतील. तुम्हाला पटलं नाही तरी पहिले तीन महिने हात घालायचा नाही. हे फार अवघड जातं, आधीच सांगून ठेवते. वाकडी लावलेली पुस्तकं बघून बोटं शिवशिवतात. आणि चूक दिसली तर दार लोटून बोला, काउंटरवर नको. पगार वाढवणं तुमच्या हातात नाही. राज्य सरकारचं अनुदान 2022 मध्ये 60 टक्क्यांनी वाढलं तरी हप्ता येईल तेव्हा पगार, हे काही चुकलेलं नाही. चारचौघांत मान राखणं मात्र तुमच्या हातात आहे.

किल्ल्यांचं असं करा. दुसरा जुडगा करून घ्या, एक वही घाला, आणि ज्याच्याकडे किल्ली जाईल त्याची सही घ्या. पहिली सही अप्पांची.

तुम्ही स्वभावाचं लिहिलंत म्हणून आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची गोष्ट सांगते. आपण दर 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या तसबिरीला हार घालतो, पण ही गोष्ट कोणी सांगत नाही. ते गणिताचे प्राध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत एवढे कंटाळले की जुन्या प्राचार्यांकडे जाऊन म्हणाले, मला परत शिकवायला घ्या. त्यांना सांगितलं गेलं, आधी लंडनला जाऊन ग्रंथालयं बघून या, तरी नको वाटलं तर या परत. ते गेले, बघून आले आणि पुढची 20 वर्षं मद्रासच्या ग्रंथालयातच राहिले. आल्यावर त्यांनी जे केलं त्यात एक मोठं काम होतं वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देण्याचं. 1931 च्या त्यांच्या पंचसूत्रीतलं पहिलंच सूत्र, "ग्रंथ उपयोगासाठी आहेत", समजावताना ते जुन्या काळी पुस्तकं साखळीने बांधून ठेवत त्याची आठवण देतात. साखळी गेली, कुलूप आलं, एवढाच काय तो आपला फरक.

म्हणून कर्मचाऱ्यांबरोबर वाचकांनाही एक कपाट उघडून द्या. सगळी नकोत, एकच, काउंटरवरून दिसेल असं. मंडळ म्हणेल, चोऱ्या होतील. होतील थोड्या. केंद्र सरकारच्या 2017 च्या वित्तीय नियमांत, वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर 1000 ग्रंथांमागे 5 गहाळ होणं वाजवी धरलं आहे, त्यात लबाडी किंवा हलगर्जी नसेल तर. तो नियम केंद्राच्या ग्रंथालयांचा आहे, आपल्याला लागू नाही. पण बैठकीत सांगायला चांगला. तीन महिन्यांनी त्या कपाटाची मोजणी करा आणि देवघेवीचा आकडा शेजारी लिहून मंडळापुढे ठेवा. आमच्याकडे पहिल्या तीन महिन्यांत दोन पुस्तकं गेली. त्यातलं एक दिवाळीनंतर कोणीतरी गुपचूप बाकावर आणून ठेवलं.

सोमवारी दार उघडण्याआधी चौघांनी 15 मिनिटं उभ्याउभ्या बोलायचं. बसलात की चहा येतो आणि तास जातो. प्रश्न एकच: गेल्या आठवड्यात कोण वाचक रिकाम्या हाताने परत गेला, आणि का? लिपिकालाही बोलतं करा. मधे कोणी बोलायचं नाही, तुम्ही तर नाहीच. जे ठरेल ते दोन ओळींत वहीत. लिहायचा कंटाळा आला तर आठवा, धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. गुरुजींनी कंटाळा केला असता तर ती प्रवचनं भिंतींनीच ऐकली असती. तुमचं तर दोन ओळींचं काम.

राहिले कार्यवाह. त्यांच्याशी बैठकीत भांडू नका, सगळ्यांसमोर कोणी माघार घेत नाही. एकट्यात भेटा. "अण्णा, अप्पांना बँकेत पाठवायचं तर मला एक निरोप द्या, म्हणजे मी काउंटरची सोय लावते." एवढंच बोला. पत्रिकांचं नाव काढू नका, ते आपोआप समजतात. दर महिन्याच्या 5 तारखेला त्यांच्या हाती एक कागद द्या: नवे सभासद किती, देवघेव किती, काय अडलंय. तक्रार घेऊन जाणाऱ्या ग्रंथपालाला मंडळ टाळतं. आकडा घेऊन जाणाऱ्याला बसायला खुर्ची देतं, हे मी पाहिलेलं आहे. उन्हाळ्यात दुपारी चिटपाखरू फिरकत नाही म्हणून वेळ सकाळी 7 पासून करावी, असं मी दोन वर्षं तोंडी सांगत होते. तिसऱ्या वर्षी दुपारच्या सह्यांचं रजिस्टरच पुढे ठेवलं, मे महिन्याची पानं जवळजवळ कोरी. पाच मिनिटांत ठराव झाला.

शिबिराचं म्हणाल तर जरूर जा, चार ठिकाणचे ग्रंथपाल भेटतात, तोच मोठा फायदा. जाताना किल्ल्या ठेवून जा. पहिल्या सोमवारी अप्पा काय बोलले ते मला कळवा.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल प्रामाणिक आहेत, पण स्वतःहून काहीच करत नाहीत. प्रत्येक गोष्ट विचारायला येतात. त्यांच्यात पुढाकार कसा आणावा?
— एका वाचनालयाचे कार्यवाह, धुळे जिल्हा

उत्तर : कार्यवाहसाहेब, तुम्हाला न विचारता ते किती रुपये खर्च करू शकतात? टाचण्यांची डबी आणायला तुमची सही लागत असेल, तर ते विचारायलाच येणार. 500 रुपयांचा किरकोळ अग्रिम त्यांच्या हाती द्या, महिनाअखेर हिशोब घ्या. ग्रंथखरेदीची यादी मंडळातल्या वाचनप्रेमींनीच न करता निम्मी त्यांना करू द्या, कोणत्या पुस्तकाला चार जणांनी मागणी लावलीय हे त्यांनाच ठाऊक असतं. आणि बैठकीत अहवाल त्यांना वाचू द्या. बऱ्याच ठिकाणी ग्रंथपाल बैठकीला असतो तो चहा सांगायला.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात गेले. गावोगाव हिंडून, दप्तरं धुंडाळून कागद जमवलेला माणूस, स्वभावाने तापट, एकांडा. त्यांच्यामागे त्या कागदांचं काहीही झालं असतं. धुळेकरांनी पुढच्याच वर्षी, 1927 मध्ये, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं, कामं वाटून घेतली, म्हणून आजही तिथे जाऊन ते कागद बघता येतात. तुमचं वाचनालय आज तुमच्या एकट्याच्या सहीवर चाललंय. तुम्ही महिनाभर पुण्याला मुलाकडे गेलात तर काय होतं, ते एकदा करून बघा.

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ग्रंथपाल व्हायचं आहे. कोणता कोर्स करू?
— एक विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : पदवी झाली की ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी, मग पदव्युत्तर. नियमित कॉलेज जमत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे. संगणकावर 'कोहा' शिकून घे, ग्रंथालयाचं काम चालवणारी ती प्रणाली न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयाने 2000 साली सुरू केली आणि ती फुकट मिळते. पण प्रवेश घेण्याआधी एक कर, बाळा. गावातल्या वाचनालयात महिनाभर संध्याकाळी 5 ते 7 काउंटरमागे बस. कोणी येऊन म्हणेल, "ताई, ते लाल कव्हरचं पुस्तक शे का?" नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही. ते शोधताना तुला मजा आली तर फॉर्म भर.