वाचक विचारतात: कनेक्टिकटची तांब्याची खाण आणि आपला सह्याद्री

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत आलोय, कनेक्टिकट राज्यात. गेल्या आठवड्यात जावयांनी ईस्ट ग्रॅनबी गावातली ओल्ड न्यू-गेट नावाची जुनी तांब्याची खाण दाखवली, तिचा पुढे म्हणे तुरुंग केला होता. आत चांगलीच थंडी होती. भिंती लालसर वाळूच्या दगडाच्या आणि मधेच हिरवे डाग. गाईडने तुरुंगाच्या गोष्टी भरपूर सांगितल्या पण माझे प्रश्न राहूनच गेले. वाळूच्या दगडात तांबं आलं कुठून? तांबं होतं तर खाण बंद का पडली? आणि तिथल्या बोर्डवर ट्रॅप रॉक असं लिहिलेलं, मग आपल्या सह्याद्रीच्या ट्रॅपमध्ये तांबं का नाही? – एक वाचक, सातारा (सध्या अमेरिकेत)

उत्तर : काका, तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, पण तिथे जायला आधी पहिले दोन सोडवायला लागतील.

हिरवे डाग म्हणजे मॅलाकाइट. देवघरातला तांब्या बरेच दिवस घासला नाही की कळकतो आणि हिरवट होतो ना, साधारण तोच प्रकार, फक्त इथे हवा-पाण्याने दगडातल्या तांब्याच्या खनिजावर केलेला. मूळ खनिजं गडद रंगाची असतात, चाल्कोसाइट आणि बोर्नाइट, त्यात तांब्याबरोबर गंधक असतं, आणि दिव्याच्या उजेडात ती चटकन दिसत नाहीत म्हणून सगळ्यांना हिरवंच लक्षात राहतं.

आता हे वाळूत कसं आलं. साधारण 20 कोटी वर्षांपूर्वी सगळे खंड एकत्र होते आणि ते फाटायला लागले तेव्हा तिथे एक लांबच लांब खचदरी तयार झाली, बाजूच्या डोंगरांवरून वाळू-गाळ येऊन ती भरत गेली, लोखंड गंजल्यामुळे तो गाळ लाल झाला, आणि मग जमीन फाटून त्यावर लाव्हा पसरला, तोच तुम्ही वाचलेला ट्रॅप रॉक म्हणजे बेसॉल्ट. (त्याच दरीत रॉकी हिल गावाला डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत, नातवंडं असतील तर नक्की न्या.) अशा लाल गाळाच्या थरांमधून खारट, गरम पाणी फिरतं तेव्हा ते कणाकणाने तांबं विरघळवत नेतं आणि जिथे दगडाची केमिस्ट्री बदलते, म्हणजे ऑक्सिजन संपतो आणि गंधक भेटतं, तिथे ते तांबं सोडून देतं. म्हणून तिथे तांबं उभ्या शिरेत कमी आणि ठराविक थराला धरून जास्त मिळतं. दरीतले थर पूर्वेकडे कललेले आहेत आणि खाणवाले त्या थराच्या मागे मागे खाली गेले, तुम्ही आत तिरकं उतरत गेलात ते त्याचमुळे.

खाण बंद का पडली? माझं स्पष्ट मत असं की दोष दगडाचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त. तांबं सापडलं 1705 च्या सुमारास आणि 1707 मध्ये कंपनीला सनद मिळाली. सनदेतली एक अट मला फार मोलाची वाटते, दर टनामागे 10 शिलिंग बाजूला काढायचे, त्यातले दोन भाग गावच्या शाळामास्तरसाठी आणि तिसरा भाग एका कॉलेजला, जे पुढे येल म्हणून जगभर गाजलं. जमिनीतून निघालेल्या पैशातून आधी गावचा मास्तर! आपल्याकडच्या खाणपट्ट्यातल्या गावांना हे वाचून काय वाटेल, विचार करा.

पण पैसा निघायला तांबं वितळवायला तर पाहिजे. कनेक्टिकट तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती आणि वसाहतीत ते करायला मोकळीक नव्हती, जवळच जर्मन कारागीर आणून प्रयत्न झाले पण ते काही टिकले नाहीत, आणि पुढे तर खनिज ब्रिटन सोडून दुसरीकडे पाठवायलाच बंदी आली. म्हणजे दगड फोडा, गाडीवर घाला, नदीने बंदरावर न्या, मग अटलांटिक ओलांडा, आणि एवढं करून त्या दगडात बराचसा भाग नुसती वाळू. भाडं धातूचं आणि वाळूचं सारखंच ना! एवढा खर्च त्या छोट्या खाणीला कसा परवडणार. त्याच भागात सॅम्युएल हिग्ली नावाचे डॉक्टर होते, लोहारकामही करायचे, त्यांची स्वतःची छोटी खाण होती आणि 1737 मध्ये त्यांनी चक्क तांब्याची नाणी पाडली. आधी त्यावर तीन पेन्स किंमत लिहिली, नंतरच्या नाण्यांवर 'तुम्हाला वाटेल ती किंमत करा' आणि 'मी चांगलं तांबं आहे' असं लिहिलं. आज ही नाणी फार दुर्मिळ आहेत.

1773 मध्ये वसाहतीने ती पडीक खाण तुरुंगासाठी घेतली. पहिला कैदी जॉन हिन्सन, तो 18 दिवसांत शाफ्टमधून, म्हणजे खाणीच्या उभ्या विवरातून, पळाला. कैद्यांकडून तांबंच खणून घ्यायचा बेत होता पण हातात पहारी दिल्यावर ते पळायचा रस्ता खणायला लागले, म्हणून मग त्यांना खिळे ठोकायच्या कामाला लावलं. 1775 च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकी सैन्याचे सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांनी स्वतः आपल्या सैन्यातले गुन्हेगार तिथे पाठवले. तुम्ही अर्धा तास थंडीत उभे राहिलात, त्या ओलीत माणसं रात्र रात्र काढत होती, हे 1827 पर्यंत चाललं आणि मग उरलेले कैदी वेदर्सफील्डच्या नव्या तुरुंगात गेले. त्यानंतर परत खाण चालवून बघितली लोकांनी, पण तीही चालली नाही.

आता सह्याद्री. आपला ट्रॅप साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तिकडच्यापेक्षा बराच तरुण, आणि बेसॉल्टमध्ये थोडं तांबं सगळीकडेच असतं. प्रश्न ते एका जागी गोळा होण्याचा आहे. कनेक्टिकटमध्ये लाव्ह्याच्या खाली-वर लाल वाळूचे जाडजूड थर होते, त्यातून पाणी फिरायला वाट होती. आपल्याकडे लाव्ह्यावर लाव्हा, परत लाव्हा, मधे कुठेतरी लाल मातीचा पातळ पट्टा, की संपलं. म्हणून दगडातल्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सुंदर मिळतात पण तांबं क्वचित कुठे चिमूटभर, खाण काढण्यासारखं नाहीच. महाराष्ट्रातलं तांबं बघायचं तर चंद्रपूरकडे थानेवासना आणि नागपूरकडे पुलर-परसोडी, आणि तिथला दगड ट्रॅपचा नाही, त्याच्यापेक्षा कितीतरी जुना आहे.