पडद्यावरची लोबोटॉमी आणि आजची ईसीटी

प्रश्न : ‘रॅचेड’ मालिकेत १९४७ सालच्या कॅलिफोर्नियातल्या इस्पितळात रुग्णांच्या डोळ्यांतून टोच्या घालतात, कडकडीत पाण्यात कोंडतात. असं खरंच होत असे का? माझ्या जाऊबाईंना डॉक्टरांनी ईसीटी (मेंदूला विजेचा झटका देण्याचा उपचार) सुचवली आहे. मालिका पाहून घरचे नको म्हणताहेत.

उत्तर : टोच्याचं दुर्दैवाने खरं आहे. ही लोबोटॉमी, म्हणजे मानसिक आजारावर उपाय म्हणून मेंदूच्या पुढच्या भागातले जोड कापणं. अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ वॉल्टर फ्रीमन यांनी जानेवारी १९४६मध्ये वॉशिंग्टनमध्ये ही डोळ्यांतून जाण्याची पद्धत सुरू केली, आणि ते सर्जन नव्हते. विजेच्या झटक्याने रुग्णाला बेशुद्ध करायचं, वरची पापणी उचलून टोच्या आत सरकवायचा, हातोडीने खोबणीचं पातळ हाड फोडायचं, सुमारे ५ सेंटीमीटर आत नेऊन टोक आडवं फिरवायचं. मग दुसरा डोळा. काही मिनिटांत आटपायचं. आत काय कापलं जातंय ते दिसत नसे, आणि रक्तवाहिनी फुटली तर कवटी बंद असल्याने हाताशी काहीच उपाय नसे. फ्रीमन यांची शेवटची रुग्ण १९६७मध्ये अशाच रक्तस्रावाने गेली.

मालिका एका विक्षिप्त डॉक्टरवर सगळं ढकलते, तिथे ती चुकते. लोबोटॉमीचे जनक, पोर्तुगीज डॉक्टर एगास मोनिझ यांना १९४९चं नोबेल मिळालं. संमती बहुतेकदा नातेवाइकांची असे, आणि आरडाओरडा थांबला की ‘सुधारणा’ अशी नोंद होई. उमेद, इच्छा, बोलणं गेलं ते कोण मोजणार? पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींची बहीण रोझमेरी हिचा मेंदू १९४१मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, कवटीला भोकं पाडून जागेपणीच कापला. ती बोलताना अडखळू लागली तेव्हा थांबले. नंतर तिला चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं.

स्नानाचं दृश्य मात्र बरंच भडक आहे. प्रत्यक्षात पाणी शरीराच्या तापमानापेक्षा किंचित कमी, साधारण ३३ ते ३६ अंश सेल्सियस ठेवत. क्रौर्य वेगळं होतं : टबावर कॅनव्हास ताणून, फक्त डोकं बाहेर ठेवून माणसाला तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस अडकवून ठेवायचं.

आता जाऊबाईंचं. १९३८मध्ये रोममध्ये सुरू झालेली ईसीटी आधी भूल न देता होई. झटक्यात मणके मोडत. आता २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. सहसा आठवड्यातून २-३ वेळा, एकूण ६ ते १२ सत्रं होतात. तीव्र नैराश्यात, विशेषतः रुग्णाने खाणं-पिणं सोडलं असेल तेव्हा, ती फार उपयोगी पडते. त्या दिवसांच्या आठवणी पुसट होतात, काहींना आधीचंही आठवत नाही. हे डॉक्टरांशी आधीच बोला. निर्णयात जाऊबाईंना धरूनच बसा. सत्राआधी किमान ६ तास अन्न नको. हलणारा दात, कवळी, हृदयाचा त्रास, चालू औषधं भूलतज्ज्ञांना सांगा.