पोहण्याचा फॉर्म, ओहोटीची वेळ आणि मे महिना

तुमची पोस्ट वाचून हसूही आलं आणि रागही. मुलं ७ आणि ११ वर्षांची, दोघंही नोकरीवाले, घर कांदिवलीला, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून दिवसभराचा भार त्यांच्यावर टाकायचा नाही, आणि पोहण्याच्या वर्गासाठी तीन खेपा घालूनही फॉर्म परत. शेवटी तुमचा प्रश्न, 'आता महिनाभर या दोघांचं करू काय?' यातलं फॉर्मचं प्रकरण माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे, म्हणून लांबलचक लिहितेय. टोपी, पाण्याची बाटली, मोबाईलला वेळेची मर्यादा वगैरे इतर लोक सांगतीलच, ते गाळते.

आधी फॉर्म. बरीचशी नोंदणी आता ऑनलाइन होते, पण डॉक्टरांचा दाखला कागदावरच लागतो आणि घोळ तिथेच होतो. पहिली खेप तलावाच्या कार्यालयातून फक्त कोरा नमुना आणण्यासाठी करायची. त्या दिवशी काही भरायचं नाही, डॉक्टरांकडेही जायचं नाही. आपण उलटं करतो. मुलांच्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर 'पोहण्यास हरकत नाही' असं लिहून घेतो आणि मग रांगेत उभे राहतो. खिडकीवर ते चालत नाही. त्यांना त्यांच्याच छापील नमुन्यावर हवं असतं. त्यात संसर्गजन्य त्वचारोग नाही, कान वाहत नाही, फिट येत नाही, दमा असल्यास उल्लेख, अशी वेगवेगळी वाक्यं असतात. खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक वाचता येईल असा हवा, शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर हवा. आमच्या डॉक्टरांनी इंग्रजीत 'फिट' असा शेरा दिला होता, खिडकीतल्या बाईंना 'फिट येत नाही' असं हवं होतं. विनोद नाही, एक खेप त्यातच गेली.

ते कार्यालय कुठलं ते सांगणार नाही, माणसं बदलली असतील. पण त्या भिंतीवर पाण्याची खोली, पाळ्यांच्या वेळा, थुंकल्यास दंड, सगळं लावलेलं होतं. दाखल्याचा नमुना तेवढा कपाटात. आणि एका खेपेला एकच चूक सांगायची, हा तिथला रिवाज. आधी नमुना चुकला, मग नोंदणी क्रमांक राहिला, मग फोटोवर शिक्का नाही. चौथ्यांदा सगळं बरोबर होतं, तेव्हा वर्ग भरला होता.

म्हणून खिडकीवर 'काय काय लागेल?' असं विचारू नका. त्याचं उत्तर पाठ असतं आणि अर्धवट असतं. 'कालपरवा स्वीकारलेला एखादा फॉर्म लांबून दाखवता का?' असं विचारा. नाव-पत्ता झाकून दाखवतात, बहुतेक वेळा खिडकीतल्यापेक्षा आतले जीवरक्षक लवकर दाखवतात. शिक्का कुठे, सही कुठे, फोटो किती, हे डोळ्यांनी पाहिलं की खेपा वाचतात. जन्मदाखल्याच्या आणि पत्त्याच्या पुराव्याच्या दोन-दोन प्रती, प्रत्येकी चार फोटो, गोंद आणि निळं पेन सोबत ठेवा. दोन प्रश्न मात्र तोंडीच विचारून घ्या. एक, धाकट्याला वयाची अट आहे की उंचीची (७ वर्षांची बुटकी मुलं इथे अडकतात). दोन, दोघांना एकच पाळी मिळेल का. नाही मिळाली तर कुणीतरी एक मोठा माणूस रोज दोन तास बाकावर बसणार, आणि तुमच्या घरात तो माणूस नाहीये.

आता माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. मेचा वर्ग हुकला याचं वाईट वाटून घेऊ नका. उन्हाळी वर्ग साधारण २१ दिवसांचे असतात, गर्दी इतकी की मुलाच्या वाट्याला पाणी कमी आणि काठावरची रांग जास्त. तेवढ्यात तरंगणं, पाय मारणं आणि पाण्यात श्वास सोडणं जमतं. 'पोहता येतं' असं म्हणायला ते पुरत नाही, समुद्रात तर मुळीच नाही. शाळा १५ जूनच्या आसपास सुरू झाल्या की तलाव रिकामे होतात, वर्ग तेव्हा लावा.

मग मे महिन्यात काय? कुठे जायचं याच्या याद्या सगळ्यांकडे असतात. मुंबईत मेमध्ये दिवसाचे कामाचे तास म्हणजे सकाळी ६ ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळात बाहेर नेलेलं मूल चिडतं, आणि पैसे जातात ते थंडगार मॉलमध्ये. ११ ते १ च्या छंदवर्गांबद्दल माझा आक्षेप हाच आहे. दोन तासांच्या वर्गासाठी दोन्ही वेळा भर उन्हात प्रवास, शिवाय नोकरीवाल्यांनी पोचवायचं कुणी?

सकाळच्या त्या साडेतीन तासांत मुंबईत फुकट आणि सगळ्यात भारी काही असेल तर ती ओहोटी. खडकाळ किनारा उघडा पडतो तेव्हा डबक्यांत शंखातले खेकडे, समुद्रफुलं, खडकाला चिकटलेली कालवं, चिखलाच्या कडेला उड्या मारणाऱ्या निवट्या, सगळं दिसतं. पण लोक वेळ बघून जातात आणि गुडघाभर पाणी बघून परत येतात. वेळेइतकीच पाण्याची उंचीही बघावी लागते.

भरती-ओहोटीच्या तक्त्यात प्रत्येक वेळेपुढे मीटरमध्ये आकडा असतो. ओहोटीचा आकडा १ मीटरच्या खाली असेल तरच जा, जितका कमी तितकं बरं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी फार उतरत नाही आणि खडक झाकलेलेच राहतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. दिवसातल्या दोन ओहोट्यांचे आकडेही सारखे नसतात, त्यामुळे सकाळचा आकडा वेगळा बघायचा.

तक्ता हाताशी नसेल तर कोकणातला जुना हिशोब चालतो आणि तो ११ वर्षांच्या मुलाला देण्यासारखा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे ४ ची पाऊणपट ३, तेव्हा भरती ३ च्या सुमारास, दुपारीही आणि पहाटेही. ओहोटी त्यापुढे सहा तासांनी, म्हणजे ९ च्या आसपास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ धरा, सव्वाअकरा. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मुलांसोबत जायला सोयीचे दिवस म्हणजे पौर्णिमा-अमावास्येनंतरची प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. ओहोटी साधारण साडेसहा ते सव्वाआठच्या दरम्यान येते, उजेड असतो आणि ऊन चढलेलं नसतं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मोठ्याला पेन्सिलने खुणा करायला लावा आणि मग तक्त्याशी ताडून बघायला सांगा. त्यात त्याचा अख्खा एक दिवस जातो, ही वरकमाई.

किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळेआधी तासभर पोचायचं आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरायचं. 'अजून पाणी दिसत नाहीये' म्हणून थांबायचं नाही. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढणाऱ्या पाण्याचा साधारण बारावा हिस्सा येतो, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पाव हिस्सा. उधाणाला भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक असला तर त्या एका तासात १ मीटर पाणी चढतं, म्हणजे तुमच्या धाकट्याच्या छातीपर्यंत. आणि ते नेहमी समोरूनच येतं असं नाही. मागच्या सखल भागात आधी भरतं आणि आपण खडकावर अडकतो.

पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट, चप्पल नाही. हिरव्या शेवाळावर पाय द्यायचा नाही, खरखरीत पांढरट खडकावर द्यायचा, तिथे पकड मिळते. तिथेच पडलं तर कालवांच्या कडांनी कातडी सोलून निघते, म्हणून मुलांचे हात मोकळे हवेत, हातात बादली नको. शंकूच्या आकाराचा शंख उचलायचा नाही, त्यातल्या काही गोगलगायी विषारी डंख मारतात. वाळूच्या उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालायचं, पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असलं तर बाजूला होतं. दगड उलटलाच तर तसाच परत ठेवायचा, त्याच्या पोटाशी चिकटलेले जीव उन्हात मरतात. काही घरी आणायचं नाही, रिकामा शंखही नाही, तो कुणाचं तरी पुढचं घर असतो. आपलं पाणी किती स्वच्छ आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा पायाला जखम असलेल्या मुलाला नेऊ नका. खरचटलं तर घरी येऊन साबणाने भरपूर धुवा. धनुर्वाताची लस झालीय ना ते आधी बघा. (मी डॉक्टर नाही, शंका असेल तर त्यांनाच विचारा.)

पहिल्यांदा एकटे जाऊ नका. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले किनाराफेऱ्या काढतात, त्यांच्यासोबत एकदा गेलात की कुठे बघायचं ते कळतं. मालाडच्या अक्सा किनाऱ्यावर मात्र कुणी कितीही म्हणालं तरी मुलांना पाण्यात सोडू नका. वाळू दिसते सपाट, पण तिथे माणसं बुडतात.

बाकीचं भराभर. वार बघितल्याशिवाय निघू नका. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, घारापुरी आणि नेहरू तारांगण सोमवारी बंद, राणीचा बाग बुधवारी बंद. तुम्हाला बोरिवली जवळ आहे, तिथल्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना सकाळी उघडल्या उघडल्या जा. वर एकदा कातळ तापला की अनवाणी पाय ठेवता येत नाही. तिथे 'बघा किती सुंदर' म्हणून मुलं रमत नाहीत. कातळात कोरलेल्या पाण्याच्या पोढी मोजायला लावा आणि पावसाचं पाणी कुठल्या पन्हळीतून कुठे उतरतं ते शोधायला सांगा. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. राणीच्या बागेत पेंग्विनची रांग मोठी असेल तर आधी गोरखचिंचेचं झाड बघून घ्या, धाकट्याला त्याच्या खोडाला हातांनी मापायला सांगा. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र दुपारसाठी ठीक, पण तिथे चार तास लागतात, एका तासात उरकू नका.

सासूबाई घरी आहेत तर वाळवणाचा एक दिवस त्यांच्या हाताखाली होऊ द्या, त्यांनी फक्त खुर्चीत बसून सांगायचं. कुरडयांच्या वाटेला जाऊ नका, गव्हाचा चीक हा मुलांचा खेळ नाही. साबुदाण्याच्या पापड्या करा. १ वाटी साबुदाणा रात्रभर भिजवायचा, सकाळी ४ वाट्या उकळत्या पाण्यात घालून पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, जिरं आणि मीठ. शिजवणं तुमच्याकडे. मीठ चवीला कमीच लागायला हवं, वाळल्यावर खारटपणा वाढतो. मिश्रण कोमट झालं की मुलांनी प्लॅस्टिकच्या कागदावर चमच्याने घालायचं, दोन पापड्यांत दोन बोटं अंतर. आठच्या आत गच्चीवर, वरून जुनी सुती साडी आणि चारी कोपऱ्यांना दगड, नाहीतर कबुतरं आहेतच. दुसऱ्या दिवशी उलटायच्या. महिन्याच्या शेवटी हवा दमट झाली की त्या चामट राहतात, मग रात्रभर पंख्याखाली ठेवून परत एक ऊन द्यायचं. म्हणून हे १५ मेच्या आत उरका. गच्चीच्या किल्लीसाठी सोसायटीच्या सचिवांना आदल्या रात्रीच गाठा, सकाळी सातला त्यांची झोपमोड केलीत तर वर्षभर किल्ली मिळणार नाही.

आणि तो परत आलेला फॉर्म फाडू नका. पावसाळ्यातल्या वर्गाला तोच नमुना चालतो का ते एकदा विचारून ठेवा. दाखल्यावरची तारीख मात्र ताजी लागेल, म्हणून डॉक्टरांची सही जूनमध्येच घ्या, आत्ता नको.