शिक्षकी पेशा की अध्यापन व्यवसाय?

शिक्षणशास्त्राच्या पदवीवर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, अभ्यासक्रमातील एका विषयाचे नाव मराठीत 'अध्यापन व्यवसाय, शालेय शिक्षण आणि समाज' असे दिले आहे, ते योग्य आहे का. वर्गातील काहींना 'व्यवसाय' या शब्दामुळे शिकवण्याच्या कामाला कमीपणा येतो असे वाटते व तेथे 'पेशा' हवा असतो. काहींना 'पेशा' हा परभाषेतून आलेला शब्द नको असतो. 'शिक्षक' आणि 'अध्यापक' यांत फरक आहे का, आणि 'शालेय शिक्षण' याऐवजी नुसते 'शिक्षण' म्हटले तर चालेल का, असेही त्यांनी विचारले आहे. माझे मत असे की, 'व्यवसाय' हा शब्द चुकीचा नाही, परंतु येथे 'पेशा' अधिक नेमका आहे. आणि उरलेले दोन्ही फरक जपण्यासारखे आहेत.

'पेशा' फारसीतून आला हे खरे. फारसीत त्याचा अर्थ कसब, उद्योग, उपजीविकेचे कोणतेही काम असा व्यापक आहे. मराठीने मात्र तो घेताना त्याची व्याप्ती आवळली. आपण वकिली पेशा, वैद्यकीय पेशा, शिक्षकी पेशा असे सहज म्हणतो, परंतु सुतारी पेशा किंवा किराणा दुकानाचा पेशा असे सहसा म्हणत नाही; तेथे काम, कसब किंवा धंदा हे शब्द येतात. म्हणजे ज्या कामाला दीर्घ अभ्यासाचे अधिष्ठान आहे, ज्यात समोरचा माणूस आपल्यावर विश्वास टाकून आलेला असतो आणि ज्याच्या वागणुकीचे काही नियम त्या कामातील लोकांनी स्वतःवर घालून घेतलेले असतात, अशा कामासाठी मराठी भाषकांनी हा शब्द राखून ठेवला. शब्द बाहेरून आला असला तरी हा अर्थ मराठीत घडलेला आहे. तो परका म्हणून टाकायचा असेल तर शाळेतील हजेरी, दाखला, कागद आणि शाई हे शब्दही त्याच न्यायाने टाकावे लागतील, कारण तेही अरबी-फारसीतूनच आलेले आहेत.

'व्यवसाय' या शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. संस्कृतात त्याचा मुख्य अर्थ निश्चय, दृढ संकल्प असा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'व्यवसायात्मिका बुद्धिः' असे शब्द येतात, तेथे व्यापाराचा लवलेशही नाही; मनाशी पक्की ठरलेली, एकाच ठिकाणी स्थिरावलेली बुद्धी असा त्यांचा अर्थ आहे. निश्चयावरून प्रयत्न, प्रयत्नावरून उद्योग आणि उद्योगावरून उपजीविकेचे साधन, अशा पायऱ्यांनी हा शब्द आजच्या अर्थापर्यंत पोहोचला. तेव्हा 'व्यवसाय' हा शब्द मुळात हलका आहे असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. अडचण वेगळीच आहे. आज हा शब्द वकिलापासून वाहतूकदारापर्यंत सर्वांसाठी वापरला जातो, आणि त्यावरून साधलेले 'व्यावसायिक' हे विशेषण तर दोन अर्थांत विभागले गेले आहे. 'व्यावसायिक रंगभूमी' म्हणताना आपल्याला तिकीटविक्रीवर चालणारी रंगभूमी अभिप्रेत असते, 'व्यावसायिक अभ्यासक्रम' म्हणताना वैद्यक किंवा अभियांत्रिकी, आणि 'व्यवसाय शिक्षण' म्हणताना जोडारी, वीजतंत्री यांसारख्या कौशल्यांचे शिक्षण. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या ज्ञानाची व कौशल्याची वाढ करण्यासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. त्याला मराठीत 'सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास' म्हटले जाते. पूर्वकल्पना नसलेल्या वाचकाला त्यातून उत्पन्नवाढीचा भास झाला तर तो दोष वाचकाचा नव्हे. 'पेशागत विकास' असे म्हटले असते तर हा घोटाळा टळला असता.

राज्यघटनेचा आधार येथे उपयोगी पडतो. अनुच्छेद १९मध्ये नागरिकांच्या स्वातंत्र्यांत पेशा, व्यवसाय, व्यापार आणि धंदा या चार गोष्टींचा वेगवेगळा उल्लेख आहे. टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने २००२मध्ये शिक्षणसंस्था स्थापन करणे व चालवणे ही बाब या चारांपैकी 'व्यवसाय' या सदरात घातली. हा भेद नीट पाहिला तर विद्यार्थिनीच्या वर्गातील मतभेदाचे मूळही सापडते: संस्था चालवणे हा व्यवसाय होऊ शकतो, पण त्या संस्थेत वर्गावर उभे राहून शिकवणे हा पेशा आहे, आणि 'अध्यापन व्यवसाय' या जोडशब्दात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. शासनव्यवहारात हा भेद नेहमी पाळला जातो असे नाही. महाराष्ट्रात शिक्षकाच्या वेतनातून जो कर कापला जातो त्याचे नाव 'व्यवसाय कर' असेच आहे, आणि तेथे पेशा, नोकरी, व्यापार सारेच एका छत्राखाली येतात. करआकारणीसाठी ते ठीक आहे. अभ्यासविषयाच्या नावात मात्र अधिक काटेकोरपणा असावा.

शिकवणे हा पेशा आहे असे जागतिक पातळीवर स्पष्टपणे मांडले गेले ते ५ ऑक्टोबर १९६६ रोजी. त्या दिवशी युनेस्कोने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहकार्याने तयार केलेली शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस पॅरिस येथे स्वीकारण्यात आली, आणि १९९४पासून तोच दिवस जागतिक शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. (भारतातील शिक्षक दिन ५ सप्टेंबरचा, तो १९६२पासून सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या जन्मदिनी साजरा होतो.) या शिफारशीचे म्हणणे असे की, अध्यापन ही एक लोकसेवा असून तिच्यासाठी विशेष ज्ञान आणि कौशल्य लागते, ते कसोशीने व निरंतर अभ्यास करून मिळवावे व टिकवावे लागते, आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व हिताची जबाबदारी शिक्षकांनी व्यक्तिशः तसेच सामूहिकपणे स्वीकारलेली असावी लागते. 'पेशा' या मराठी शब्दात आपण ज्या छटा जपल्या आहेत त्या या वर्णनाशी बहुतांशी जुळतात.

आता 'शिक्षक' आणि 'अध्यापक' यांकडे वळू. 'अध्यापक' हा शब्द 'अधि' उपसर्ग आणि 'इ' धातू यांपासून झालेला आहे. 'अध्ययन' म्हणजे एखाद्या पाठाकडे जाणे, तो आत्मसात करणे, आणि दुसऱ्याकडून ते करवून घेतो तो अध्यापक. 'शिक्षक' हा शब्द 'शिक्ष्' धातूवरून आला, आणि हा धातू 'शक्' म्हणजे समर्थ असणे याचे इच्छार्थक रूप मानला जातो. शिकणे म्हणजे समर्थ होऊ इच्छिणे, असा त्याचा मुळातला अर्थ. ही व्युत्पत्ती मला फार मोलाची वाटते. आपले 'शिकणे' आणि 'शिकवणे' हे दोन्ही शब्द प्राकृताच्या वाटेने याच धातूपासून आलेले आहेत. अध्यापकाच्या शब्दात पाठ मध्यभागी आहे, शिक्षकाच्या शब्दात शिकणाऱ्याचे सामर्थ्य. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात 'शिक्षक' शब्द नृत्य शिकवणाऱ्यांच्या संदर्भात येतो. कुणाची विद्या स्वतःपुरती उत्तम असते, कुणाची ती दुसऱ्याकडे संक्रमित करण्याची हातोटी विशेष असते, आणि ज्याच्या ठायी दोन्ही गोष्टी आहेत त्यालाच शिक्षकांच्या अग्रस्थानी बसवावे, असे तेथे म्हटले आहे. शिक्षकाच्या पात्रतेविषयी आज जे बोलले जाते त्यात विषयज्ञान आणि अध्यापनकौशल्य असे दोन भाग करतात, ते याहून फारसे निराळे नाहीत.

शिकवणे आणि उपजीविका यांच्या नात्याचा प्रश्नही जुन्या शब्दांतच दडलेला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आचार्य आणि उपाध्याय यांच्या व्याख्या लागोपाठ दिल्या आहेत. उपनयन करून संपूर्ण वेद त्याच्या अंगोपांगांसह शिकवतो तो आचार्य, आणि वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगे 'वृत्त्यर्थम्', म्हणजे उपजीविकेसाठी शिकवतो तो उपाध्याय. मानाची उतरंड लावताना तेथे आचार्य उपाध्यायाच्या कितीतरी वर आहे. मोबदला घेऊन शिकवणारा कमी प्रतीचा, ही कल्पना किती जुनी आहे हे यावरून दिसते. ती विद्या मोजक्यांसाठीच खुली असलेल्या समाजातील कल्पना होती, हे विसरता कामा नये. १८४८मध्ये पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, आणि १८८२मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याची मागणी करतानाच प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत व त्यांना पुरेसा पगार मिळावा, असेही आग्रहाने मांडले. सर्वांसाठी शाळा हवी असेल तर शिकवणे हे पूर्ण वेळचे, प्रशिक्षणाचे आणि रीतसर वेतनाचे काम असायला हवे, ही दृष्टी त्यात आहे. आजच्या अर्थाचा 'शिक्षकी पेशा' तेथून सुरू होतो असे मी मानतो.

म्हणूनच शिक्षकाच्या कामाला 'व्रत' किंवा 'सेवा' म्हणताना मला सावध राहावेसे वाटते. हे शब्द आदराने वापरले जातात, परंतु त्यांचा उपयोग वेतनाचा प्रश्न बाजूला सारण्यासाठीही होऊ शकतो. महाराष्ट्रात २०००पासून नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून नेमण्याची पद्धत आली. या काळात त्याला जे मिळते त्याला 'वेतन' न म्हणता 'मानधन' म्हणतात. २०२३मध्ये वाढ झाल्यानंतर ते प्राथमिकसाठी दरमहा १६,००० रुपये झाले, त्याआधी ते ६,००० होते. त्याचे काम, त्याचा वर्ग, त्याची जबाबदारी ही सारी शिक्षकाचीच असते. एकाच कामासाठी 'शिक्षक-वेतन' आणि 'सेवक-मानधन' अशा दोन शब्दजोड्या निर्माण झाल्या की शब्दच दर्जा ठरवू लागतात.

प्रत्यक्ष वापरात 'शिक्षक' हा शब्द शाळेशी आणि 'प्राध्यापक' हा महाविद्यालयाशी जोडला गेला आहे, तर नुसता 'अध्यापक' बोलण्यातून बराच मागे पडला आहे. तो टिकून आहे तो 'अध्यापक विद्यालय' या नावात आणि मुख्यतः 'मुख्याध्यापक' या पदात. शाळेत सगळे शिक्षक असतात, पण त्यांतील एकजण प्रमुख झाला की तो 'मुख्यशिक्षक' न होता 'मुख्याध्यापक' होतो, ही मराठीची एक सवय आहे. 'शिक्षक' शब्दाची कायदेशीर व्याप्ती काही वेळा बोलीतील अर्थाच्या नेमकी उलट असते: विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात माध्यमिक शाळा व त्यावरील संस्थांत शिकवणारे मतदार असतात, त्यामुळे प्राध्यापक त्यात येतात आणि ज्याला सारे गाव शिक्षक म्हणून ओळखते तो प्राथमिक शिक्षक येत नाही.

संबोधनांचा इतिहास स्वतंत्र चर्चेचा विषय आहे, म्हणून येथे थोडक्यात सांगतो. इंग्रजी अंमलापूर्वीच्या व त्याच्या सुरुवातीच्या गावशाळेत 'पंतोजी' असत. सरकारी शाळांबरोबर 'मास्तर' आले. हा 'मास्तर' आणि पोर्तुगिजांकडून आलेला 'मेस्त्री' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दातून निघालेले भाऊ आहेत. पुढे प्राथमिक शाळेत 'गुरुजी', माध्यमिक शाळेत 'सर' आणि दोन्हीकडे 'बाई' रूढ झाले. 'मास्तरीण' म्हणजे शिकवणारी बाई की मास्तरांची पत्नी, हा संदेह मराठीत राहिला. संस्कृत व्याकरणाने मात्र स्वतः शिकवते ती 'आचार्या' आणि आचार्यांची पत्नी ती 'आचार्यानी' असा भेद करून ठेवला होता. 'शिक्षिका' या शब्दाने आज तो संदेह दूर केला आहे, म्हणून लेखनात तोच वापरावा.

शेवटचा प्रश्न 'शालेय शिक्षण' आणि 'शिक्षण' यांचा. माणूस घरात, शेतात, कारखान्यात, तालमीत शिकतो ते सारे शिक्षणच आहे. 'तालीम' हा अरबी शब्द मुळात शिक्षण याच अर्थाचा. मराठीत तो कुस्तीच्या आणि नाटकाच्या सरावाला चिकटला, आणि 'उस्ताद' चा 'वस्ताद' होऊन तो त्या तालमीतील गुरू झाला. शाळा ही यांपेक्षा वेगळी, समाजाने जाणीवपूर्वक उभी केलेली व्यवस्था आहे; तिच्यात इयत्ता, वेळापत्रक, परीक्षा, दाखला आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क येतो. या व्यवस्थेतून जाण्याला आपल्या बोलीत एक नेमका प्रयोग आहे: 'तो शाळा शिकला नाही.' येथे 'शाळा' हे शिकण्याचे ठिकाण न राहता शिकण्याचे कर्म झाले आहे, आणि असे म्हणणारा माणूस त्या व्यक्तीला काहीच येत नाही असे सुचवत नाही; तिला शाळेचे शिक्षण मिळाले नाही एवढेच सांगतो. ज्या विषयात शाळा ही संस्था आणि समाज यांचे नाते अभ्यासायचे आहे तेथे नुसते 'शिक्षण' म्हटल्यास हा भेद पुसला जाईल. तेव्हा त्या विषयाला 'अध्यापनाचा पेशा, शालेय शिक्षण आणि समाज' असे नाव द्यावे, अशी माझी सूचना आहे. उत्तरपत्रिकेत मात्र विद्यापीठाने छापलेले नाव जसेच्या तसे लिहावे आणि विवेचनात 'पेशा' हा शब्द निःशंकपणे वापरावा.